न्गुयेन : तीन कोटी लोकांचे एक आडनाव आणि आपला प्रश्न

आपल्याकडे आडनाव विचारणे ही जात विचारण्याची सभ्य पद्धत आहे. 'नुसते नाव नको, पूर्ण नाव सांगा' असे म्हणणाऱ्याला समोरच्याच्या वडिलांच्या नावात काडीचाही रस नसतो, हे आपल्याला शाळेपासून माहीत असते. भाड्याची खोली शोधताना, नोकरीच्या मुलाखतीत, वसतिगृहात पहिल्या दिवशी हाच प्रश्न येतो आणि उत्तर दिल्यावर समोरच्याचा चेहरा बदलतो. म्हणूनच आपल्या तरुणांमध्ये हा वाद पुन्हा पुन्हा निघतो की आडनाव लावावे की टाकावे. काही जण वडिलांच्या नावावर थांबतात. काही जण गावावरून नवे आडनाव घेतात. काही जण मुद्दाम आहे तेच ठळक अक्षरांत लावतात. या वादात एक दावा हमखास ऐकू येतो. सगळ्यांची आडनावे सारखी झाली की जात आपोआप संपेल.

हा दावा तपासून पाहायचा असेल तर व्हिएतनामकडे पाहावे लागेल. तिथे सगळ्यांची नसली तरी जवळपास दर तीन माणसांमागे एकाचे आडनाव एकच आहे, न्गुयेन. या एका आडनावाचा इतिहास आपल्याला दोन्ही गोष्टी शिकवतो. आडनाव बदलल्याने काय साधते आणि काय साधत नाही.

नाव कुठून आले

न्गुयेन हा उच्चार आपण सोयीसाठी लिहितो. प्रत्यक्षात तो एकाच दमात म्हणायचा शब्द आहे. सुरुवातीला 'वाङ्मय'मधला ङ आणि पुढे 'विएन'सारखा ध्वनी. शब्द मूळचा चिनी. चीनमध्ये हेच आडनाव 'रुआन' असे उच्चारतात. प्राचीन चीनमध्ये या नावाचे एक छोटे राज्य होते आणि याच नावाचे एक तंतुवाद्यही आहे.

इसवी सनपूर्व १११ पासून इसवी सनाच्या दहाव्या शतकापर्यंत, मधली काही बंडे सोडली तर, आजच्या उत्तर व्हिएतनामवर चीनची सत्ता होती. त्या सत्तेबरोबर चिनी लिपी आली, चिनी कारभार आला आणि वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या आडनावाची पद्धत आली. कर वसूल करायचा, वेठीला माणसे धरायची, सैन्यात भरती करायची तर कोण कोणाचा हे वहीत लिहावे लागते. आडनावाची पद्धत पसरण्यात सत्तेच्या या गरजेचा मोठा वाटा आहे. आडनाव म्हणजे आमचे पवित्र रक्त, आमचा वंश, असे सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

हुकूम आणि भीती

आता न्गुयेन इतके का वाढले ते पाहू. त्याची सुरुवात एका राजघराण्याच्या पतनापासून होते.

१००९ मध्ये ली घराणे सत्तेवर आले. त्याचा संस्थापक ली काँग उआन हा बौद्ध विहारात वाढलेला, वान हान नावाच्या भिक्खूच्या हाताखाली शिकलेला. १०१० मध्ये त्याने राजधानी आजच्या हनोईच्या जागी हलवली. दोनशेहून अधिक वर्षे या घराण्याने राज्य केले. शेवटी गादीवर एक लहान मुलगी उरली. त्रान घराण्यातल्या मुलाशी तिचे लग्न लावून १२२५ मध्ये सत्ता त्रानांकडे वळवण्यात आली. या सगळ्यामागचा सूत्रधार होता त्रान थू दो.

सत्ता घेऊन त्याचे भागले नाही. १२३२ मध्ये त्याने हुकूम काढला की ली आडनावाच्या सर्वांनी यापुढे न्गुयेन हे आडनाव लावावे. कारण असे सांगितले गेले की नव्या राजाच्या आजोबांचे नाव 'त्रान ली' होते आणि राजाच्या पूर्वजाचे नाव प्रजेने उच्चारणे निषिद्ध आहे. खरे कारण उघड होते. जुन्या घराण्याभोवती लोक पुन्हा जमू नयेत म्हणून त्याचे नावच मिटवायचे होते. याच घराण्याचा एक राजपुत्र ली लाँग तुआँग समुद्रमार्गे कोरियाला पळाला, अशी परंपरा आहे. तिथे त्याच्या वंशजांचे कुळ आजही 'ली' याच नावाने ओळखले जाते. पळून गेलेल्याचे नाव टिकले. मायदेशात राहिलेल्यांचे नाव गेले.

हा प्रकार एकदाच घडला नाही. १४०० मध्ये हो घराण्याने त्रानांची सत्ता घेतली आणि सातच वर्षांत ते बुडाले. १५२७ मध्ये माक घराणे आले आणि १५९२ मध्ये पडले. प्रत्येक वेळी हरलेल्या घराण्यातल्या अनेकांनी जीव वाचवण्यासाठी आडनाव बदलले आणि त्यातल्या पुष्कळांनी न्गुयेन हेच घेतले. आधीच पुष्कळांचे असलेले नाव लपायला सोपे असते. गर्दीत शिरले की माणूस सापडत नाही.

ही भीती किती खरी होती, हे न्गुयेन त्राय याच्या उदाहरणावरून कळते. पंधराव्या शतकातला हा मोठा कवी आणि मुत्सद्दी. मिंग चीनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात त्याचा वाटा फार मोठा. १४४२ मध्ये राजा ले थाय ताँग याचा अचानक मृत्यू झाला. त्रायच्या पत्नीवर राजाच्या खुनाचा आरोप ठेवला गेला आणि शिक्षा झाली ती सगळ्या नातेवाइकांना. आरोपीबरोबर त्याचे गोत मारायचे, असा तो कायदा होता. त्रायचा एक मुलगा आईचे आडनाव फाम लावून वाचला, असे सांगतात. म्हणजे इथे न्गुयेन हे नाव टाकून जीव वाचवावा लागला. पुढे १४६४ मध्ये राजा ले थान्ह ताँगने त्रायला निर्दोष ठरवले. मेलेली माणसे अर्थातच परत आली नाहीत.

आडनावासाठी माणूस मारला जातो, हे वाचून आपल्यापैकी कोणाला नवल वाटणार नाही. आम्हाला या इतिहासातून पहिली गोष्ट घ्यावीशी वाटते ती ही. भीतीपोटी ज्याने आडनाव बदलले त्याला भेकड म्हणू नका. आपल्या चळवळीत कधीकधी असा सूर निघतो की अमुक कार्यकर्ता शहरात आडनाव लपवतो, तो समाजाशी बेईमान आहे. त्याला लपायला लावणाऱ्यांना जाब विचारायचा सोडून आपण त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. हे चुकीचे आहे.

राजाचे नाव प्रजेला

१५५८ मध्ये न्गुयेन होआंग हा सरदार दक्षिणेकडे सुभेदार म्हणून गेला. त्याच्या वंशजांनी दक्षिणेत जवळजवळ स्वतंत्र राज्य केले. १७७१ मध्ये त्यांच्याविरुद्ध ताय सन इथे तीन भावांनी मोठे बंड उभारले. या भावांचे पूर्वज हो आडनावाचे होते, पण त्यांनी स्वतः न्गुयेन हेच आडनाव लावले होते. बंड न्गुयेनांविरुद्ध, बंडखोरही न्गुयेन. १८०२ मध्ये जुन्या घराण्यातला न्गुयेन आन्ह जिंकला आणि जिया लाँग या नावाने सम्राट झाला. त्याच्या घराण्याची राजवट १९४५ पर्यंत, म्हणजे सम्राट बाओ दाय याने गादी सोडेपर्यंत, चालली.

या काळात न्गुयेन हे राजाचे आडनाव झाले. राजनिष्ठांना ते बक्षीस म्हणून मिळत असे. कोणी संरक्षणासाठी घेतले, कोणी प्रतिष्ठेसाठी. फ्रेंच वसाहतीच्या काळात ज्यांना आडनावच नव्हते अशा अनेकांच्या नावापुढे कारकुनांनी न्गुयेन लिहून टाकले, असेही सांगितले जाते. अशा रीतीने शिक्षा म्हणून, आसरा म्हणून, बक्षीस म्हणून एकच नाव साचत गेले.

आज वेगवेगळ्या अभ्यासांनुसार व्हिएतनामच्या लोकसंख्येत न्गुयेन आडनावाचे लोक सुमारे ३० ते ४० टक्के आहेत. देशाची लोकसंख्या दहा कोटींच्या घरात आहे, म्हणजे तीन कोटींहून अधिक न्गुयेन. त्यांच्यामागे त्रान आणि ले यांचा क्रम लागतो. तीही एकेकाळच्या राजघराण्यांचीच नावे. ही तीन आडनावे मिळून निम्म्याहून अधिक देश होतो. या तीन कोटी लोकांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध आहे असे कोणीही समंजस माणूस म्हणणार नाही.

नाव सारखे झाल्यावर काय झाले

इतक्या लोकांचे आडनाव एकच झाले की त्याने कोणाला हाक मारता येत नाही. व्हिएतनाममध्ये आडनाव आधी येते, मग मधले नाव, शेवटी स्वतःचे नाव. हाक मारतात ती शेवटच्या नावाने. फाम वान दोंग हे अनेक वर्षे पंतप्रधान होते, त्यांचा उल्लेख 'दोंग' असा होई. कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस न्गुयेन फू त्राँग २०२४ मध्ये वारले, ते सगळ्यांसाठी 'त्राँग' होते. रोजच्या बोलण्यात माणसे एकमेकांना वयाप्रमाणे दादा, ताई, काका अशा नात्याच्या शब्दांनी संबोधतात. लग्नानंतर बाई आपले माहेरचे आडनाव बदलत नाही. आडनाव ऐकून समोरच्याची पायरी ठरवणे तिथे शक्यच नाही. हे पाहून आपल्याला हेवा वाटला तर त्यात गैर काही नाही.

पण आता मूळ दाव्याकडे येऊ. नाव सारखे झाले म्हणून उतरंड गेली का?

गेली नाही, हे खुद्द राजघराण्यानेच दाखवून दिले. प्रजेत न्गुयेनांची गर्दी झाल्यावर राजघराण्याला आपले वेगळेपण राखायला दुसरी खूण हवी होती. जिया लाँगच्या नंतर आलेल्या सम्राट मिन्ह मांगने १८२३ मध्ये वीस शब्दांची एक कविता ठरवून दिली. राजवंशाच्या प्रत्येक पिढीने तिच्यातला पुढचा शब्द आपल्या नावात घ्यायचा. शेवटचा सम्राट बाओ दाय याच्या मूळ नावातला 'विन्ह' हा त्याच कवितेतला पाचवा शब्द. घराण्याच्या बाजूच्या शाखांतले पुरुष 'तोन थात' लावत आणि स्त्रिया 'तोन नू'. आडनाव सर्वांचे झाले तेव्हा वरच्यांनी मधल्या नावात भिंत बांधली.

खालच्यांच्या बाबतीत उलटे झाले. मेकाँगच्या खोऱ्यातले ख्मेर लोक आधी व्हिएतनामी पद्धतीचे आडनाव लावत नसत. न्गुयेन दरबाराने त्यांना दान्ह, कियेन, सन, थाक अशी ठरावीक आडनावे लावली. ती आजही ऐकताक्षणी माणूस ख्मेर आहे हे सांगतात. डोंगराळ भागातल्या जमातींना बहुसंख्य किन्ह समाज 'मोय' म्हणजे रानटी म्हणत आला. एदे जमातीत तर मुले आईचे आडनाव लावतात, पण आपल्याहून वेगळी रीत म्हणजे मागासलेली रीत, हा वरच्यांचा शिरस्ता तिथेही आहे.

१९७५ नंतरच्या समाजवादी व्हिएतनाममध्ये आडनावाने कोणाचे काही बिघडले नाही. तिथे 'ली लिक' नावाची कौटुंबिक पूर्वपीठिका आली. आजोबा कोण, वडील कोणत्या बाजूने लढले, सायगावच्या जुन्या सरकारात कोणी नोकरीला होते का, हे सगळे त्यात लिहावे लागे. त्यावर विद्यापीठातला प्रवेश आणि नोकरी अवलंबून असे. दोघेही न्गुयेन, पण एकाला दार उघडे, दुसऱ्याला बंद. भेद करायचाच असेल तर सत्तेला आडनावाची गरज पडत नाही, ती नवा रकाना काढते.

हेच नाव परदेशात गेले तेव्हा आणखी एक गोष्ट घडली. १९७५ मध्ये सायगाव पडल्यावर लाखो लोक निर्वासित झाले. अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेत न्गुयेन हे आडनावांच्या क्रमवारीत २२९ वे होते. २०१० मध्ये ते ३८ वे झाले आणि ते लावणारे ४ लाख ३७ हजारांहून अधिक भरले. ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, चेक प्रजासत्ताक इथेही ते मोठ्या संख्येने आहे. मायदेशात ज्या नावाने काहीच कळत नाही, तेच नाव अमेरिकेत ऐकताक्षणी सांगते की हा व्हिएतनामी, बाहेरचा, निर्वासिताचा पोर. नाव तेच आहे. ते वाचणारा समाज बदलला.

आपल्या बाबतीत हे उलट्या दिशेने घडते. मराठी आडनाव अमेरिकन माणसाला काही सांगत नाही, पण शेजारच्या टेबलावरचा भारतीय सहकारी ते बरोबर वाचतो. सिएटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर कायद्याने बंदी घालावी लागली ती उगीच नाही. इथे गावात आडनाव टाकून पाहा. लोक गाव विचारतील, आळी विचारतील, घरात कोणाचा फोटो आहे ते पाहतील, १४ एप्रिलला कुठे होता ते विचारतील. जात आडनावात राहत नाही. ती विचारणाऱ्याच्या डोक्यात राहते. बाबासाहेबांनी जातिसंस्थेचा पाया धर्मशास्त्रांच्या पावित्र्यात आणि आंतरजातीय विवाहांच्या बंदीत दाखवला तो यासाठीच.

स्वतः निवडलेले नाव

मग नावाला काहीच अर्थ नाही का? आहे. व्हिएतनामच्याच इतिहासात अशी नावे आहेत जी हुकमाने आली नाहीत आणि भीतीनेही आली नाहीत.

मध्य व्हिएतनामच्या डोंगरात ब्रू-वान किएऊ नावाची जमात राहते. या लोकांनी हो ची मिन्ह यांच्यावरच्या निष्ठेपोटी 'हो' हे आडनाव घेतले. गंमत अशी की हो ची मिन्ह यांचेही जन्माचे आडनाव न्गुयेनच होते. न्गुयेन सिन्ह कुंग हे त्यांचे मूळ नाव. १९१९ मध्ये व्हर्सायच्या परिषदेपुढे व्हिएतनामी लोकांच्या हक्कांचे मागणीपत्र गेले त्यावर 'न्गुयेन आय क्वोक', म्हणजे देशभक्त न्गुयेन, अशी सही होती. पुढे त्यांनी हो हे नाव घेतले आणि आडनावाने हाक न मारणाऱ्या देशात लोक त्यांना 'बाक हो', हो काका, म्हणू लागले. ज्या डोंगरी माणसांना रानटी म्हटले जाई, त्यांनी आपल्या मुक्तीशी जोडलेले नाव स्वतः उचलले. त्याने त्यांचे सगळे प्रश्न सुटले असे नाही. पण आम्ही कोणाच्या बाजूचे आहोत हे त्यांनी स्वतः सांगितले, दुसऱ्याने त्यांच्यावर लिहिले नाही.

दुसरे नाव आपल्या अगदी जवळचे आहे. व्हिएतनामी भिक्खूंच्या नावाआधी 'थिक' येते. ११ जून १९६३ रोजी सायगावच्या रस्त्यावर आत्मदहन करणारे थिक क्वांग डूक. मार्टिन ल्युथर किंग यांनी ज्यांचे नाव १९६७ मध्ये शांततेच्या नोबेलसाठी सुचवले ते थिक न्हात हान्ह. न्हात हान्ह यांचेही जन्माचे आडनाव न्गुयेन. अनेकांना वाटते की थिक ही पदवी आहे. ते आडनाव आहे. 'थिक का' म्हणजे शाक्य, आणि थिक हे त्याचे पहिले अक्षर. संघात प्रवेश केला की जन्माचे आडनाव सुटते आणि सर्वांचे आडनाव एकच होते, बुद्धाचे.

ही प्रथा चौथ्या शतकातल्या ताओ आन या चिनी भिक्खूने घालून दिली. त्याआधी चीनमधले भिक्खू आपल्या गुरूचे आडनाव लावत. ताओ आनने सांगितले की सर्वांचा गुरू एकच, तेव्हा सर्वांचे आडनावही शाक्य. या नियमाला आधार सापडला तो भारतातून गेलेल्या सुत्तांत. नद्या समुद्राला मिळाल्या की त्यांची जुनी नावे उरत नाहीत. तसेच चारही वर्णांचे लोक संघात आले की त्यांचे पूर्वीचे नाव आणि गोत्र उरत नाही, ते फक्त शाक्यपुत्र होतात. पाली तिपिटकातही हा उपदेश आहे.

विचार करा. वर्णांच्या उतरंडीविरुद्ध बुद्धाने या भूमीवर दिलेला विचार चीनमार्गे व्हिएतनामला गेला आणि तिथल्या प्रत्येक भिक्खूच्या आणि भिक्खुणीच्या नावात टिकून राहिला. आणि त्याच काळात आपल्या देशात गोत्र, कुळ आणि आडनाव यांचा जाच वाढत गेला. १९५० मध्ये कोलंबोला जागतिक बौद्ध परिषद भरली तेव्हा बाबासाहेब तिथे उपस्थित होते. व्हिएतनामचे प्रतिनिधी होते थिक तो लिएन. बौद्ध ध्वज व्हिएतनामला नेला तो त्यांनीच. आपल्या वस्तीत फडकतो तोच हा ध्वज. १९६३ च्या बुद्धजयंतीला तो फडकवण्यावर तिथल्या सरकारने बंदी घातली आणि त्यातूनच तिथले बौद्धांचे आंदोलन पेटले. कोलंबोच्या त्या परिषदेत, आपल्या आडनावातच वर्णनाश घेऊन वावरणारा एक भिक्खू आणि सहा वर्षांनी लाखो लोकांना त्याच समुद्रात नेणारे बाबासाहेब, दोघेही होते.

आपला प्रश्न

मित्रांनो, न्गुयेन आणि थिक, दोन्ही नावांनी माणसांचे जुने आडनाव पुसले. न्गुयेनमध्ये माणसे ढकलली गेली, लपली, बक्षीस घेऊन आली. म्हणून नाव एक झाले, पण माणसे एक झाली नाहीत आणि वरच्यांनी वेगळ्या खुणा शोधल्या. थिकमध्ये माणसे आपणहून आली, आणि येताना कुळाचा अभिमान दाराबाहेर ठेवणे ही अट होती.

१४ ऑक्टोबर १९५६ चा मार्ग हा दुसरा मार्ग आहे. म्हणून आडनाव लावायचे की टाकायचे, हा प्रश्न आम्ही ज्याच्या त्याच्या परिस्थितीवर सोडतो. मुंबईत खोली मिळावी म्हणून आडनाव गाळणाऱ्या पोरीला आमचा विरोध नाही. तेच आडनाव छातीठोकपणे लावणाऱ्यालाही सलाम आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. दीक्षा घेऊन दोन-तीन पिढ्या झाल्या तरी आपल्याच वधू-वर मेळाव्याच्या अर्जावर पूर्वाश्रमीच्या जातीचा आणि पोटजातीचा रकाना का असतो? बौद्ध मुलीने मातंग किंवा चर्मकार घरातला मुलगा निवडला की पंचशील म्हणणाऱ्या घरातही रडारड का होते? तो रकाना म्हणजे आपली 'ली लिक' आहे, आपली मधल्या नावातली भिंत आहे. ती राजाने बांधलेली नाही, आपण सांभाळलेली आहे.

पुढच्या मेळाव्याचा अर्ज छापायला जाईल तेव्हा तो रकाना काढून टाका. संयोजक विरोध करतील तर त्यांच्याशी वाद घाला. त्यांना नद्यांचा आणि समुद्राचा तो उपदेश ऐकवा. आडनाव काढायला गॅझेटमध्ये जाहिरात द्यावी लागते, हा रकाना काढायला काहीच लागत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!